आजी सकाळचं जेवण विसरते, ६७ चा भूकंप विसरत नाही. मग मी भेटून आलेलं तिच्या मेंदूत कुठं जातं?

तारळेखोरे | शुक्रवार, रात्री ९:५०

माझी आजी, आईची आई, पाटण तालुक्यात मामाकडं असते. वय ८१. दोन वर्षांपासून विसरणं वाढलंय. सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलाय, गोळ्या चालू आहेत. त्यामुळं हा धागा औषधासाठी नाही.

मी साताऱ्यात राहते. दर दुसऱ्या रविवारी तिच्याकडं जाते. मागच्या खेपेला चार तास बसले. वेणी घातली, दोघींनी मिळून पाटीभर शेंगा फोडल्या, गप्पा झाल्या. संध्याकाळी मामीनं तिला विचारलं, आज कोण आलं होतं? तर म्हणाली, "कुणी न्हाय बया. कोण येतंय आता माझ्याकडं."

हीच आजी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचं सगळं सांगते. कोयनेचा भूकंप. आई तेव्हा तीन महिन्यांची. आधी उतरंडीची मडकी वाजली, मग धडाधड खाली आली, आजीनं गोधडीसकट लेकरू उचललं आणि ती दाराबाहेर पडली तोवर मागं पाळण्यावर भिंत बसली. कपिला गाय दावं तोडून पळाली. ही गोष्ट ती आज सांगते तशीच मी लहान असताना सांगायची, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

दादा पुण्यात असतो. तो म्हणतो, "तिला आठवतच नाही तर जाऊन उपयोग काय? त्यापेक्षा दिवसभराची बाई लावू, पैसे मी देतो." तो वाईट मनानं नाही बोलत. पण तेव्हापासून मला झोप नाही नीट.

मला खरंच समजून घ्यायचंय. मेंदूत आठवण कुठं असते, भावना कुठं असते? साठ वर्षांपूर्वीचं राहतं आणि चार तासांपूर्वीचं जातं, असं का? आणि मी गेलेलं पूर्ण पुसलं जातं का? जाणकारांनी सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

वाचनमात्र_वाई | रात्री १०:०५

वाचतेय. माझ्या सासऱ्यांचंही हेच.

कराडचा_काका | रात्री १०:३०

कोयनेच्या भूकंपाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी तेव्हा ९ वर्षांचा, कराडला. आजींचं मला शंभर टक्के पटतं. त्या दिवसाचं विसरूच शकत नाही माणूस. आमच्या मागच्या खोलीची भिंत फुटली आणि त्या भगदाडातून ऊन आत आलं. आई सुपात तांदूळ पाखडत होती, ती सूप हातात घेऊन तशीच उभी. आज डोळे मिटले तरी ते ऊन दिसतं.

मिरजेची_मास्तरीण | रात्री ११:२०

तारळेखोरे, मी ३१ वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नातला 'कुठं' हा शब्द माझा आहे, म्हणून तिथून सुरुवात करते.

मेंदू हातात घेतला तर १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. बाहेरून ज्या वळ्या दिसतात त्यात तुम्ही विचारलेलं काही दिसत नाही. दोन्ही कानशिलांच्या आत मेंदूचा जो भाग येतो तो टेम्पोरल लोब. त्याच्या पोटात द्रवानं भरलेली एक अरुंद पोकळी असते. ती पोकळी वरून अलगद उघडली की तळाला एक पांढुरकी, फुगीर, वळत गेलेली कड दिसते, चार-साडेचार सेंटिमीटरची. पुढचं टोक जनावराच्या पंजासारखं. हा हिप्पोकॅम्पस. बोलोन्याच्या अरांझिओ या शरीररचनातज्ज्ञाला १५८७ मध्ये त्यात समुद्रघोडा दिसला म्हणून हे नाव. ही पोकळी उघडायची वेळ आली की मी दर वर्षी वर्गाला सुरी खाली ठेवायला लावायची आणि आधी नुसतं बघायला सांगायची. समोरच्या माणसानं आयुष्यभर जे जे नव्यानं लक्षात ठेवलं, ते आधी या चिंचोळ्या जागेतून गेलंय, हे कळून मगच पुढं हात लावायचा.

हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या टोकाला लागूनच बदामाच्या आकाराचा गोळा असतो. तो अमिग्डला. नावाचा अर्थच बदाम. दोन्ही गोष्टी डावीकडं एक, उजवीकडं एक अशा जोडीनं असतात.

हिप्पोकॅम्पसमधून तंतूंचा एक जुडगा निघतो, कमानीसारखा वर चढून पुढं येतो आणि मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढ्या दोन गोळ्यांपाशी उतरतो. कमान म्हणजे फॉर्निक्स, गोळ्या म्हणजे मॅमिलरी बॉडी. तिथून थॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या मधोमधच्या निरोपांच्या ठाण्याचा, पुढचा भाग, तिथून सिंग्युलेट ही वळी, आणि फिरून परत हिप्पोकॅम्पस. हे वर्तुळ अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ जेम्स पापेझनं १९३७ मध्ये मांडलं. त्याला वाटलं भावना इथं फिरते. पुढं दिसलं की या वर्तुळाचं काम मुख्यतः स्मरणाचं आहे. भावनेत ज्याचा मोठा वाटा, तो अमिग्डला पापेझच्या वर्तुळात नव्हताच.

आता 'चार तासांपूर्वीचं का जातं'. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या माणसाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून सर्जन स्कोव्हिलनं दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि शेजारचा अमिग्डला काढला. झटके कमी झाले. पण त्यानंतर मोलेसनला नवीन काहीच लक्षात राहिलं नाही. २००८ मध्ये वारला तोपर्यंत, ५५ वर्षं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षं तपासत राहिल्या आणि प्रत्येक भेटीत त्यांना नव्यानं ओळख करून द्यावी लागे. बालपण मात्र आठवत होतं, बुद्धी शाबूत होती, बोलणं छान होतं. म्हणजे हिप्पोकॅम्पस हा आठवणींचा कायमचा साठा नव्हे. नवी आठवण घडायला तो लागतो.

अल्झायमरचा बिघाड साधारणपणे सुरू होतो तो नेमका याच्या दारात, एंटोरायनल कॉर्टेक्स या शेजारच्या भागात, आणि मग हिप्पोकॅम्पसमध्ये. तुमच्या आजींच्या डोक्यात दारच अडलंय. शेंगा फोडलेल्या आत पोचल्याच नाहीत. १९६७ केव्हाच आत गेलेलं आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर उद्या लिहिते. डोळे दमलेत, पण तो प्रश्न मी विसरणार नाही.

हरिपूर_हळद | शनिवार, सकाळी ७:१५

मास्तरीणबाई, किती सोपं केलंत. आमच्या भाषेत सांगू का? हिप्पोकॅम्पस म्हणजे आडतीतला दिवाणजी. माल आला की वहीत चढवायचा, कुठल्या पेवात टाकायचा ते ठरवायचं. माल असतो पेवात. दिवाणजी आजारी पडला तर आज आलेला माल गाडीतच राहणार. जुना माल पेवात आहेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल पेवं होती. माती अशी की हळदीला कीड लागत नसे. माझ्या आजोबांची चार होती. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि गेली.

मिरजेची_मास्तरीण | सकाळी ८:४०

दिवाणजी फार आवडला. मी शिकवत असताना सुचायला हवा होता! एक दुरुस्ती मात्र करते. पेवात हळद जशी ठेवली तशी निघते. आठवण तशी नसते. एका प्रसंगाचं दिसणं मागच्या भागात, ऐकणं बाजूच्या भागात, असं ते पांगून साठतं, आणि आठवताना दर वेळी नव्यानं जुळवलं जातं. जुळवताना थोडं इकडचं तिकडं होतं. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभराचं परत परत चालवून बघतो आणि हळूहळू ते बाहेरच्या थरांत बसत जातं, याचे पुरावे उंदरांपासून मिळालेत. अगदी जुन्या प्रसंगांना हिप्पोकॅम्पस पुढंही लागतो की नाही, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

शंकेखोर_सांगलीकर | सकाळी ९:३०

माहिती उत्तम. पण धाग्याच्या प्रश्नातच एक गृहीतक आहे ते खटकतं. 'भावना इथं, आठवण तिथं, बुद्धी वर' अशी मेंदूची वाटणी करू नका. या आतल्या भागांना लावतात तो लिंबिक हा शब्द फ्रेंच डॉक्टर ब्रोकानं १८७८ मध्ये नुसत्या जागेसाठी वापरला, लिंबिक म्हणजे कडेचा. १९५२ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ मॅकलीननं 'लिंबिक सिस्टिम' केलं आणि मग सरड्याचा मेंदू, त्यावर सस्तन प्राण्याचा मेंदू, त्यावर माणसाचा, असे तीन मजले सांगितले. ऐकायला झकास, पण मेंदूची उत्क्रांती मजल्यावर मजला चढवून झालेली नाही. आजही व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात ते तीन मजले विकले जातात याचा मला मनस्वी राग येतो. अमिग्डला म्हणजे 'भीतीचं बटण' हेही अर्धसत्य. चव, बक्षीस, समोरच्याचा चेहरा, नवं काही दिसणं, सगळ्यात तो जागा होतो.

मिरजेची_मास्तरीण | सकाळी १०:००

मजल्यांबद्दल पूर्ण सहमत. लिंबिक शब्द मी काल मुद्दाम टाळला. तरी अमिग्डलाचा भीतीशी घट्ट संबंध आहे हे नाकारू नका. दोन्ही अमिग्डला आजारानं निकामी झालेली एक बाई वैद्यकीय साहित्यात आहे. साप, भुताचा वाडा, भीतीचे सिनेमे, काही म्हणजे काही तिला घाबरवत नव्हतं.

शंकेखोर_सांगलीकर | सकाळी १०:२०

आणि त्याच बाईला मास्कमधून कार्बन डायऑक्साइड हुंगायला दिला तेव्हा ती प्रचंड घाबरली! २०१३ मध्ये छापून आलंय. म्हणजे भीतीला अमिग्डलाशिवायही वाट आहे.

मिरजेची_मास्तरीण | सकाळी १०:२५

मान्य. बाहेरून दिसणाऱ्या धोक्याला अमिग्डला लागतो, श्वास कोंडण्याच्या भीतीला लागत नाही, इथवर आपण दोघं एकत्र येऊ.

एसटी_२८_वर्षं | सकाळी ११:१०

मी सातारा डेपोत २८ वर्षं डायवर हुतो. यवतेश्वर, कास, बामणोली, महाबळेश्वर, समदं केलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आजबी लेकाच्या गाडीत बसून खंबाटकी उतराय लागलं की माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो. वळण दिसायच्या आदी. लेक हसतो. ही आठवण कंच्या भागात म्हनायची? का ही पायातच असती?

शंकेखोर_सांगलीकर | दुपारी १२:००

दादा, फार मोलाचा प्रश्न. ही वेगळीच वाट. हात-पायांच्या सवयी मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया आणि मागच्या लहान मेंदूत बसतात. मोलेसनला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली होती. तीन दिवसांत हात सुधारत गेला आणि त्याला दर वेळी वाटे, हे मी पहिल्यांदाच करतोय.

ड्रायव्हर लोकांवर तर स्वतंत्र संशोधन आहे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग त्यांनी बसचालकांशी तुलना केली. दोघंही दिवसभर गाडी चालवणारे, त्याच शहरात. बसचालकांत ती वाढ नव्हती, कारण मार्ग ठरलेला.

एसटी_२८_वर्षं | दुपारी १२:४०

लंडनच्या बसचं मला म्हाईत न्हाय. पण आमचा मार्ग ठरल्याला हे कुणी सांगितलं? आषाढात घाटात दरड आली की मागं फिरून कुठनं काढायची, कंच्या ओढ्याला पानी किती असंल तर गाडी घालायची न्हाय, कंच्या वाडीला रातच्याला कोन म्हातारं उतरतंय आन त्येच्यासाटी टॉर्च दावाय लागती, हे कागदावर न्हवतं. माझ्या डोक्यात हुतं. मोजायचं असंल तर आमच्या कोयना-जावळीच्या डायवरचं मोजा.

शंकेखोर_सांगलीकर | दुपारी १२:५५

दादा, तुमचं म्हणणं रास्त आहे. तुलना लंडनच्या ठरीव मार्गाची होती. मी ती सरसकट सगळ्या बसचालकांना लावली, ते चुकलं.

वाचनमात्र_वाई | दुपारी १:०५

एसटीदादा, टॉर्चचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पूरग्रस्त_२०१९ | दुपारी ३:३०

मी सांगलीची, गावभागातली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आम्ही दोन रात्री वरच्या मजल्यावर होतो, मग बोटीतून काढलं. लेक तेव्हा दोन वर्षांची. तिला त्यातलं काहीही आठवत नाही, फोटो दाखवले तरी दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे बघते. पण पाऊस रात्री जोरात लागला आणि वीज गेली की घामानं भिजते, माझा हात सोडत नाही. आम्ही तिच्यासमोर पुराचं कधी बोलत नाही. आठवण नाही तर भीती आली कुठून, हे मला सहा वर्षं कळलेलं नाही.

मिरजेची_मास्तरीण | दुपारी ४:५०

ताई, दोन वर्षांच्या मुलाचा हिप्पोकॅम्पस अजून घडत असतो. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना त्या वयातले प्रसंग सांगता येत नाहीत. अमिग्डला मात्र लवकर कामाला लागतो. कशाबरोबर काय आलं, म्हणजे अंधार, पाण्याचा आवाज, आईचा घाबरलेला श्वास, ही जोडी तो बांधून ठेवतो आणि त्याला गोष्टीची गरज नसते. तुमच्या लेकीच्या बाबतीत असंच झालं असेल असं मी इथून ठामपणे सांगू शकत नाही, पण तसं होऊ शकतं. तुमचं गप्प राहणं प्रेमाचं आहे, तरी दिवसाउजेडी, छान ऊन असताना तिला पुराची गोष्ट सोप्या शब्दांत सांगून बघा. शेवट सांगायचा: बोट आली आणि आपण सगळे बाहेर आलो. घाम, झोपमोड वाढत असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. सांगली-मिरजेत ती सोय आहे.

हरिपूर_हळद | सायं. ५:१०

ताई, आमचंही घर गेलं होतं त्या पुरात. अजून ओल्या भिंतीचा तो वास आला की पोटात खड्डा पडतो. वासाचं काही वेगळं असतं का हो? कारण उलटंही होतं. फेब्रुवारीत काहिलीत हळद शिजायला लागली की त्या वाफेत मला आजोबा दिसतात, मुंडासं बांधलेले. फोटो बघून इतकं जवळ वाटत नाही.

मिरजेची_मास्तरीण | सायं. ५:४०

असतं वेगळं. डोळा आणि कान यांचा निरोप आधी थॅलॅमसमधून जातो, मग पुढं. वासाचा निरोप तो थांबा घेत नाही, नाकातून थेट वासाच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात), अमिग्डलात, एंटोरायनल भागात. भावना आणि आठवण यांच्या अंगणातच उतरतो. म्हणूनच की काय, अल्झायमरमध्ये वासाची जाण अनेकदा लवकर मंदावते.

तारळेखोरे | सायं. ६:१५

अगबाई! दोन वर्षांपूर्वी दूध करपून धूर झाला होता आणि आजी शेजारीच बसलेली होती, तिला कळलंच नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी तिला बोल लावला होता. मीसुद्धा.

कराडचा_काका | शनिवार, रात्री ८:३०

आज सकाळपासून अस्वस्थ आहे. मास्तरीणबाईंनी 'नव्यानं जुळवलं जातं' लिहिलं, तेव्हा एकदम लक्षात आलं. भूकंप झाला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. डिसेंबर महिना. सूर्य उगवायला अडीच तास होते. मग भगदाडातून ऊन कुठून आलं? आई त्या वेळी तांदूळ कशी पाखडेल?

आज थोरल्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, भिंत त्या पहाटे नाही पडली, नुसती तडकली होती. नंतर धक्के येत राहिले, त्यातल्या एका धक्क्याला दिवसा पडली. पहाटे मी झोपेतच होतो आणि वडिलांनी मला खांद्यावर टाकून बाहेर नेलं. म्हणजे ज्या पहाटेची मी ५८ वर्षं शपथ घेतोय ती मी पाहिलीच नाही. वडिलांच्या खांद्यावर होतो, हे मात्र मला आज पहिल्यांदा कळलं.

शंकेखोर_सांगलीकर | रात्री ९:००

काका, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होता. अडीच वर्षांनी परत विचारलं. कित्येकांची उत्तरं पार बदललेली होती, आणि तरी ते ठाम होते. स्वतःच्याच अक्षरातला कागद दाखवला तरी त्यांना नवीनच आठवण खरी वाटत होती. मोठ्या धक्क्याच्या वेळी अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, अमिग्डला हिप्पोकॅम्पसला सांगतो की हे नीट धर. त्यानं गाभा पक्का बसतो. बारकावे मात्र नंतरही मिसळत राहतात.

तारळेखोरे, तुमच्या आजींच्या गोष्टीतही हे असेल. उतरंडीचा आवाज, लेकरू, भिंत खरीच. पण एक शब्द बदलत नाही याचं कारण ती हजार वेळा सांगून घोटली गेलीय हेही आहे.

तारळेखोरे | रात्री ९:२५

असेल. कपिलाचं दावं प्रत्येक वेळी तसंच तुटतं. मला चालेल.

तंबोरा_मिरज | रात्री १०:१०

आमच्या गुरुजींना शेवटच्या दोन वर्षांत माझं नाव आठवत नव्हतं. मिरजेत वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीजवळ त्यांचं घर. मी तंबोरा लावून बसलो की जवारी (तारेची गुंज) नीट नसेल तर लगेच हात वर करायचे. बंदिशीचे शब्द एकदाही अडले नाहीत. आणि गाणं झाल्यावर दोन-तीन तास त्यांची तब्येत खुशीत असायची. त्यांच्या सूनबाई सांगायच्या, "तुम्ही येऊन गेलात की रात्री नीट जेवतात, कोण आलं होतं ते मात्र विचारू नका."

धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी तिथं मिळालं होतं.

औषधाच्या_दुकानातून | रात्री १०:४०

थोडं अवांतर, पण वाचणाऱ्यांसाठी आवश्यक. घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं की परस्पर अल्झायमर ठरवू नका. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, ऐकू कमी येणं, काही झोपेच्या गोळ्या, यांनीही विसरणं वाढतं आणि यातलं बरंच सुधारतं. दोन-तीन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं झालं तर लघवीच्या जंतुसंसर्गापासून मेंदूतल्या रक्तस्रावापर्यंत काहीही असू शकतं, लगेच दवाखाना. दारू पिणाऱ्यांत बी-१ कमी होऊन त्या मॅमिलरी बॉडीच खराब होतात आणि माणूस घडलंच नाही ते घडलंय असं सांगत सुटतो. ते रुग्ण खोटं बोलत नसतात. घरच्यांनी मारल्याची उदाहरणं पाहिलीत, म्हणून लिहिलं.

मिरजेची_मास्तरीण | रविवार, सकाळी ६:५०

तारळेखोरे, तुमचा राहिलेला प्रश्न. तंबोरा यांनी वाट मोकळी करून दिलीच आहे.

जिनिव्हाचे डॉक्टर क्लापारेद यांची १९११ ची नोंद आहे. त्यांच्याकडं एक बाई होती, स्मरण गेलेली, रोज भेटूनही डॉक्टरांना ओळखत नसे. एके दिवशी त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. तिला टोचलं. थोड्या वेळानं ती ते विसरली. पण पुढच्या वेळी त्यांनी हात पुढं केला तर तिनं हात मागं घेतला. कारण विचारलं तर तिला सांगता येईना. प्रयोग क्रूर आहे, मी तो कधी कौतुकानं शिकवला नाही. पण त्यातून कळतं ते असं, की भेट विसरलेल्या माणसाच्या अंगात भेटीचं काहीतरी उरतं.

९९ वर्षांनी, २०१० मध्ये, आयोवा विद्यापीठात हिप्पोकॅम्पस खराब झालेल्या पाच रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिलं ते आठवेना. दुःख मात्र गेलं नाही, आनंदही रेंगाळला. २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांवर तसाच अभ्यास झाला, तेच दिसलं. कदाचित काय पाहिलं ते आठवत नसल्यानं मनाची समजूतही काढता येत नाही. आपल्याला निदान 'अरे, तो सिनेमा होता' असं म्हणता येतं.

शंकेखोर म्हणतील त्याआधी मीच सांगते: अल्झायमरमध्ये अमिग्डलाही आक्रसतो, आणि चाचण्या काही मिनिटांच्या होत्या, तुमचे दोन रविवार मध्ये जाणार. पण तुमचा प्रश्न 'पूर्ण पुसलं जातं का' असा होता. त्याला माझं उत्तर 'नाही' असं आहे. नोंद होत नाही. वेणी घातल्याचं सुख त्या संध्याकाळी तिच्या अंगात असतं, ते कुणाचं हे तिला माहीत नसतं एवढंच.

शंकेखोर_सांगलीकर | सकाळी ७:३०

माझी काही शंका नाही.

पूरग्रस्त_२०१९ | सकाळी ८:००

मास्तरीणबाई, काल संध्याकाळी ऊन होतं. लेकीला गच्चीवर घेऊन बोटीची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, बोट कुठल्या रंगाची होती? मला आठवेना. केशरी सांगितलं. रात्री तिनं केशरी बोट काढलीय.

तारळेखोरे | रविवार, रात्री ९:१५

आज माझी पाळी नव्हती, तरी गेले. तुमचे सगळे प्रतिसाद मामीला वाचून दाखवले. मामी दिवसरात्र तिचं करते आणि आम्ही पाहुण्यासारखे येऊन तिलाच चार सल्ले देतो, हेही आज जाणवलं. तिला काही विचारायचं होतं. आजी रोज संध्याकाळी आजोबा कुठं म्हणून विचारते. आजोबांना जाऊन ११ वर्षं झाली. घरातले खरं सांगतात, मग ती रोज नव्यानं रडते, आणि का रडतोय ते विसरल्यावरही तासभर तोंड पाडून बसते. आयोवाचं वाचून मामी म्हणाली, "म्हणजे आम्हीच रोज तिला टाचणी टोचतोय की." मला काही बोलता आलं नाही.

आज संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, आजोबा कसे होते गं दिसायला? तर अर्धा तास बोलली. लग्नात घोड्यावरनं पडता पडता वाचले ते सांगितलं. मध्येच मला आईच्या नावानं हाक मारली, मी ओ दिली. परत आजोबा कुठं हे विचारलं नाही.

निघताना मामीनं मुद्दाम विचारलं, कोण आलंय गं? माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "कोण का असंना. हात ऊन हायत तिचं." ऊन म्हणजे गरम. मामीनं ते मोबाइलवर घेतलंय. दादाला पाठवलं. त्यानं अजून काही लिहिलेलं नाही, पण दोनदा ऐकलं असं मामीला फोनवर म्हणाला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. गाडी सर्व्हिसिंगला आहे, एसटीनं येणार.

एसटी_२८_वर्षं | रात्री ९:४०

पुन्यास्नं येत असंल तर कराडपत्तोर जाऊ नगा म्हनावं. उंब्रजला उतरायचं, मल्हारपेठवरनं पाटणची गाडी मिळती. पाऊस असंल तर सकाळच्याच गाडीनं निगा. आन आजीला तंबाखूची मिसरी लागत असंल तर तीबी घिऊन जा, वासानं वळखंल कायतरी.

तारळेखोरे | रात्री ९:४५

लागते! सकाळ-संध्याकाळ. दादाच आणायचा शाळेत असताना.